विमान उडवायचं स्वप्न मोडलं आणि या गड्याने मित्रांना घेऊन जगाला स्कुबा डायव्हिंग दिलं

तारकर्लीची ट्रिप ठरली की ग्रुपवर सगळ्यात आधी विषय निघतो तो स्कुबाचा. माणशी किती घेतात, पोहता येत नसेल तर चालतं का, व्हिडिओ काढून देतात का. मग मालवणच्या समुद्रात होडी थांबते, तोंडात एक रबरी माउथपीस जातो आणि आयुष्यात कधी विहिरीत उडी न मारलेला माणूससुद्धा पाण्याखाली आरामात श्वास घेत मासे बघतो.

हे सगळं आज हजार-दोन हजारांच्या पॅकेजसारखं वाटतं. पण माणसाला पाण्याखाली असं मोकळं फिरवणारं यंत्र तयार झालं ते १९४३ साली. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता आणि पेट्रोलपासून खाण्यापर्यंत सगळ्याचीच बोंब होती.

अशा काळात फ्रान्सच्या नौदलातला एक अधिकारी सायकली, बायको आणि दोन मित्र घेऊन समुद्रावर जायचा आणि पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा याच्या खटपटी करायचा.

त्याचं नाव जॅक कुस्तो.

पुढे हाच माणूस लाल लोकरी टोपी घालून जगभरच्या टीव्हीवर दिसला. समुद्राखालचं जग लोकांना त्याने दाखवलं. पण त्याच्या गोष्टीतली एक बाजू फारशी सांगितली जात नाही. समुद्राचं दार ज्याने उघडलं, त्यानेच आधी आत जाऊन नासधूससुद्धा केली. आणि पुढचं अर्धं आयुष्य तो समुद्र वाचवा म्हणून जगाला ओरडून सांगत राहिला.

तर ही गोष्ट सुरुवातीपासून बघू.

आजारी पोरगा आणि तळ्यातला कचरा

जॅकचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळच्या सेंट-आंद्रे-द-कुब्झाक या गावातला. वडील श्रीमंत अमेरिकन लोकांकडे सेक्रेटरी म्हणून काम करायचे, त्यामुळे घरदार सतत फिरतीवर असायचं. पोरगं तब्येतीने किडकिडीत आणि कायम आजारी. पण पाण्याचं वेड लहानपणापासूनच.

१९२० च्या सुमारास कुटुंब काही काळ न्यूयॉर्कला राहायला गेलं. तिथून जॅकला व्हर्मॉन्टमधल्या एका उन्हाळी कॅम्पला पाठवलं. कॅम्पच्या तळ्यात तळाशी झाडांच्या वाळक्या फांद्या पडल्या होत्या. त्या काढायचं काम त्याच्या वाट्याला आलं. चष्मा नाही, नळी नाही, दम रोखून खाली जायचं आणि हाताला लागेल ते वर आणायचं. याच कामात तो पाण्याखाली राहायला शिकला.

तेराव्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशातून एक फिल्म कॅमेरा घेतला. आधी तो सगळा खोलला, मग परत जोडला, मग घरच्यांच्या फिल्म काढायला लागला. अभ्यासात मात्र अंधार होता. शाळेच्या खिडक्या फोडण्यापर्यंत मजल गेली तेव्हा घरच्यांनी त्याला कडक शिस्तीच्या बोर्डिंगमध्ये टाकलं. तिथे गाडी रुळावर आली आणि १९३० मध्ये तो ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाला.

पण नौदलात जाऊनही त्याला जहाजावर बसायचं नव्हतं. त्याला नौदलाची विमानं उडवायची होती. ट्रेनिंगही चालू झालं होतं.

१९३६ मध्ये वडिलांची स्पोर्ट्स कार घेऊन निघालेल्या जॅकचा भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले. एका हाताची अवस्था इतकी वाईट होती की तो कापावा लागेल असं डॉक्टरांचं मत पडलं. गडी नाही म्हणाला. बोटं हलवायला कित्येक महिने गेले. हात वाचला, पण पायलट व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

एका गॉगलने गेम फिरवली

नौदलाने त्याला भूमध्य समुद्राकाठच्या तुलाँ बंदरात नेमलं. तिथे फिलिप तायेझ नावाचा त्याच्यापेक्षा थोडा सीनियर अधिकारी भेटला. त्याने जॅकला हाताच्या व्यायामासाठी रोज समुद्रात पोहायला लावलं आणि वापरायला पाण्यातला गॉगल दिला.

जॅकने गॉगल लावून डोकं पाण्यात घातलं. खाली खडक, शेवाळ, माशांचे थवे. डोकं वर काढलं तर ट्राम, विजेचे खांब आणि किनाऱ्यावरची माणसं. एक वीतभर पाण्याच्या अलीकडे एक जग आणि पलीकडे दुसरंच. विमानाचं भूत त्याच दिवशी उतरलं.

मग या दोघांना फ्रेडरिक द्यूमा भेटला. हा स्थानिक गडी, भाल्याने मासे मारण्यात एक नंबर. दमही भरपूर. तिघांचं मेतकूट असं जमलं की लोक त्यांना समुद्राचे तीन शिलेदार म्हणायला लागले. १९३७ मध्ये जॅकचं लग्न सिमोन मेल्शियोरशी झालं. तिच्या घराण्यात नौदलाचे मोठे अधिकारी होऊन गेले होते, त्यामुळे समुद्राचं वेड तिलाही कमी नव्हतं.

युद्ध सुरू झालं तरी पोरांचा नाद सुटला नाही. १९४२ मध्ये त्यांनी पाण्याखाली पहिली फिल्म काढली. युद्धामुळे फिल्मची रिळं मिळत नव्हती, तर फोटो काढायचे छोटे रोल विकत घेऊन एकमेकांना चिकटवले. शूटिंग सगळं दम रोखून.

पण दम किती रोखणार? दीड-दोन मिनिटं. खाली पोचून काही दिसायला लागलं की वर यायची वेळ.

तेव्हा पाण्याखाली जायचं कसं?

पाणबुडे तेव्हाही होते. पण त्यांना जड पितळी शिरस्त्राण, शिशाचे बूट आणि वरून हवा पुरवणारी नळी लागायची. म्हणजे दावणीला बांधलेल्या बैलासारखी गत. नळी जाईल तिथपर्यंतच चालायचं.

दुसरा पर्याय शुद्ध ऑक्सिजनचा. कुस्तोने तोही करून बघितला. खोलवर गेल्यावर त्याला झटके आले आणि तो बेशुद्ध झाला. एकदा नाही, दोनदा. शुद्ध ऑक्सिजन थोड्या खोलीनंतर शरीराला विषासारखा बाधतो, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलं.

फ्रान्सच्याच इव्ह ल प्रियरने दाबाखालची हवा सिलेंडरमध्ये भरून पाण्यात नेली होती. पण त्यात हवा एकसारखी वाहत राहायची, सिलेंडर लगेच रिकामा व्हायचा.

खरी अडचण दाबाची होती. समुद्रात दर १० मीटरला शरीरावरचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. छातीवर एवढा दाब असताना फुप्फुसं फुगवायची तर आत येणारी हवासुद्धा तेवढ्याच दाबाची पाहिजे. आणि ती श्वास घेतला तरच आली पाहिजे, नाहीतर वाया जाणार.

अशी तोटी बनवणार कोण?

इथे सासरेबुवा कामाला आले. सिमोनचे वडील एअर लिक्विड या गॅस बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर होते. त्यांच्या ओळखीने डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो पॅरिसला एमिल गान्यां या इंजिनियरला भेटला. पेट्रोलच्या टंचाईमुळे गान्यां तेव्हा गाड्या गॅसवर चालवायच्या मागे लागला होता. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक छोटी झडप त्याने बनवली होती.

इंजिनाला लागेल तेवढा गॅस देता येतो, तर माणसाला लागेल तेवढी हवा का नाही?

काही आठवड्यांत यंत्र तयार झालं. जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीत, कडाक्याच्या थंडीत, कुस्तोने ते लावून बघितलं. आडवं पोहताना मस्त चाललं, पण उभं राहिलं की हवा भसाभसा बाहेर. कारण हवा आत येण्याची जागा आणि श्वास बाहेर सोडायची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती आणि उंचीचा फरक म्हणजे दाबाचा फरक. दोन्ही शेजारी-शेजारी आणल्यावर प्रश्न मिटला.

जून १९४३. पॅरिसहून लाकडी पेटी रेल्वेने बांदोलला आली. समुद्रावर कुस्तो, तायेझ, द्यूमा आणि सिमोन. कुस्तो यंत्र लावून पाण्यात उतरला, सिमोन नळीतून श्वास घेत वरून त्याच्यावर नजर ठेवून होती आणि काही बिनसलंच तर उडी मारायला द्यूमा तयारीत होता.

कुस्तो १८ मीटरपर्यंत खाली गेला. उलटा झाला, कोलांट्या मारल्या, एका बोटावर उभा राहिला. हवा कुठेच अडली नाही. तिथल्या एका कपारीत त्याला शेवंडी दिसल्या. युद्धात घरोघरी खायचे वांधे, त्यामुळे त्याने त्या धरून वर सिमोनच्या हातात दिल्या. रात्री जेवणाला शेवंडी.

त्या उन्हाळ्यात या मित्रांनी सुमारे ५०० डुबक्या मारल्या. यंत्राचं नाव ठेवलं अ‍ॅक्वालंग. स्कुबा हा शब्द मात्र त्यांचा नाही, तो अमेरिकेतल्या ख्रिश्चन लॅम्बर्टसन या डॉक्टरच्या नावावर आहे. आणि ज्याच्या डोक्यातून झडप निघाली तो गान्यां १९४७ मध्ये कॅनडाला निघून गेला. पुढे नाव कुस्तोचंच झालं.

मजेची किंमत

युद्ध संपलं. प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केल्याबद्दल कुस्तोचा सन्मान झाला. त्याच्या सख्ख्या भावाला मात्र नाझींच्या बाजूने पत्रकारिता केली म्हणून १९४६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, जी नंतर कमी केली गेली. जॅक नौदलाच्या गणवेशात भावाच्या बाजूने साक्ष द्यायला कोर्टात उभा राहिला होता.

इकडे तिघा मित्रांनी तुलाँमध्ये नौदलाचं पाणबुड्यांचं पथक उभं केलं. काम होतं पाण्यातले सुरुंग काढणं आणि माणूस किती खोल जाऊ शकतो ते शोधणं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, त्यामुळे प्रयोग स्वतःवरच.

द्यूमा १९४३ मध्येच ६२ मीटरपर्यंत जाऊन आला होता. तिथे त्याला दारू चढल्यासारखं झालं. जास्त दाबाखाली हवेतला नायट्रोजन मेंदूवर नशेसारखा परिणाम करतो, माणूस खूश होतो आणि धोका विसरतो.

ऑगस्ट १९४६ मध्ये कुस्तो आणि द्यूमा व्होक्लूझ इथल्या एका गूढ झऱ्याच्या विवरात उतरले. खाली दोघांचीही डोकी जड झाली, हातपाय चालेनात. द्यूमाच्या तोंडातला माउथपीस निसटला. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्गला काहीतरी चुकतंय अशी शंका आली आणि त्याने दोर ओढायला सुरुवात केली. दोघे वाचले ते त्याच्यामुळे.

नंतर तपासलं तर कळलं की सिलेंडर भरणारा कॉम्प्रेसर स्वतःचाच धूर ओढत होता. सिलेंडरमध्ये कार्बन मोनॉक्साईड भरला गेला होता. आज हवा भरताना कॉम्प्रेसरचं तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवतात.

एका वर्षाने, सप्टेंबर १९४७ मध्ये, तोच फार्ग खोलीचा विक्रम करायला उतरला. दोराला पाट्या बांधल्या होत्या, जिथे पोचला तिथल्या पाटीवर सही करायची. ठरल्याप्रमाणे तो दोराला झटके देत होता. मग झटके थांबले. वर ओढला तेव्हा माउथपीस तोंडातून निघून लोंबकळत होता. त्याची सही १२० मीटरच्या पाटीवर सापडली.

अ‍ॅक्वालंगने पाणबुड्यांना स्वातंत्र्य दिलं आणि त्यांच्यातल्याच एकाचा जीवही घेतला. आजच्या हौशी डायव्हिंगमध्ये ४० मीटरची मर्यादा सांगतात, एकट्याने जाऊ नका म्हणतात. हे शहाणपण या लोकांच्या हाडामांसावर शिकलेलं आहे.

कॅलिप्सो आणि एक बेट

१९५० मध्ये कुस्तोला जहाज मिळालं. युद्धात सुरुंग काढणारी आणि नंतर माल्टाजवळ प्रवासी वाहणारी ही बोट एका ब्रिटिश श्रीमंताने विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक भाड्याने त्याला दिली. नाव कॅलिप्सो. ती सजवायला सिमोनने स्वतःचे दागिने मोडले. पुढे जहाजावर कुस्तोपेक्षा जास्त काळ तीच राहिली. कॅमेऱ्यासमोर फारशी आली नाही, पण जहाजावरच्या पोरांचं सगळं तीच बघायची.

१९५३ मध्ये कुस्तो आणि द्यूमाचं पुस्तक आलं, ‘द सायलेंट वर्ल्ड’. ते जगभर लाखोंनी खपलं. तरी जहाज चालवायला पैसे पुरत नव्हते. म्हणून १९५४ मध्ये कॅलिप्सोने आखातात अबू धाबीजवळ तेल शोधायचं कंत्राट घेतलं. पुढे समुद्र वाचवा म्हणणाऱ्या माणसाचं बिल तेव्हा तेल कंपनी भरत होती.

१९५५ मध्ये कॅलिप्सो लाल समुद्रातून हिंदी महासागरात उतरली. सोबत लुई माल नावाचा बाविशीतला दिग्दर्शक. फिरत फिरत ते सेशेल्सजवळच्या अ‍ॅझम्प्शन बेटावर पोचले. पांढरी वाळू, निळंशार पाणी आणि माणूस कधी न बघितलेले मासे. मासे पळत नव्हते, उलट जवळ येत होते.

कोकणात ज्याला गोब्रा किंवा हेकरू म्हणतात त्या जातीतला एक थोराड मासा तर पाणबुड्यांच्या मागे कुत्र्यासारखा फिरायचा. त्याचं नाव ठेवलं जोजो. हातातून खाऊ घ्यायचा, आणि इतर माशांना मिळू नये म्हणून इतका त्रास द्यायचा की शेवटी त्याला शार्कसाठीच्या पिंजऱ्यात कोंडलं.

हे सगळं त्याच नावाच्या फिल्ममध्ये आलं. १९५६ मध्ये कान महोत्सवात तिला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पाठोपाठ ऑस्करही. शहरातल्या लोकांनी रंगीत पडद्यावर प्रवाळ बघितले. आज कुणालाही मित्रांसोबत एखाद्या बेटावर जाऊन डायव्हिंग करावंसं वाटतं, त्या स्वप्नाचं चित्र इथून आलंय.

पण तीच फिल्म आज बघितली तर अंगावर काटा येतो.

मासे मोजायचे म्हणून ही मंडळी प्रवाळात डायनामाइट लावतात आणि मेलेले मासे गोळा करतात. मोठ्या कासवांच्या पाठीवर बसतात. व्हेलच्या कळपाच्या इतक्या जवळ जहाज नेतात की एक पिल्लू पंख्यात सापडतं. त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून त्याला गोळी घालतात. रक्ताच्या वासाने शार्क येतात आणि पिल्लाला खायला लागतात, तर संतापलेले खलाशी त्या शार्कना जहाजावर ओढून मारून टाकतात.

म्हणजे पंखा यांच्या जहाजाचा, पण शिक्षा शार्कना.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. ते सगळं त्यांनी स्वतःच शूट करून अभिमानाने दाखवलं होतं. समुद्र एवढा मोठा, त्याचं आपल्याकडून काय बिघडणार, अशी सगळ्या जगाचीच समजूत होती.

मग डोळे उघडले

अ‍ॅक्वालंग दुकानात मिळायला लागलं, क्लब निघाले, हौशी लोक भाले घेऊन पाण्यात उतरले. कुस्तो ज्या भूमध्य समुद्रात १९४० च्या दशकात माशांच्या गर्दीत पोहला होता, तिथेच तो वर्षानुवर्षं परत जात राहिला. दरवेळी मासे कमी आणि कचरा जास्त.

दुसऱ्या कुणाला हा फरक दिसणं अवघड होतं, कारण आधीचं कुणी बघितलंच नव्हतं. ते बघितलेली माणसं हातावर मोजण्याइतकी होती आणि त्यातला एक कुस्तो.

१९५७ मध्ये तो मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाचा संचालक झाला. १९६० मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्याने किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं तेव्हा त्याने जाहीर विरोध केला. लोकही पेटले आणि ती योजना बारगळली.

त्याच वेळी त्याच्या डोक्यात माणसाने समुद्रातच राहावं हे खूळ होतं. १९६२ मध्ये मार्सेजवळ त्याच्या दोन साथीदारांनी १० मीटर खोल एका घरात आठवडा काढला. १९६३ मध्ये सुदानजवळ लाल समुद्रात अख्खं छोटं गावच वसवलं आणि तिथे महिनाभर माणसं राहिली. त्या फिल्मलाही ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये १०० मीटरवर तीन आठवडे झाले. या प्रयोगांवर तेल कंपन्यांचा डोळा होता. हळूहळू कुस्तोने तो नाद सोडला आणि सगळा जोर एका गोष्टीवर लावला: लोकांना समुद्र दाखवायचा, म्हणजे ते तो जपतील.

१९६८ पासून त्याची टीव्ही मालिका अमेरिकेत सुरू झाली आणि तो घराघरांत पोचला. १९७३ मध्ये त्याने समुद्र रक्षणासाठी कुस्तो सोसायटी काढली. पुढे आपल्या अंदमान बेटांवरही त्याच्या टीमने फिल्म केली. १९९० च्या सुमारास अंटार्क्टिकात खाणकाम नको म्हणून त्याने जगभरातून सह्या गोळा केल्या. १९९१ च्या माद्रिद करारात तिथल्या खाणकामावर बंदी आली, त्यामागे या दबावाचाही वाटा होता.

टीका मात्र सुटली नाही. फिल्ममधले प्रसंग रचलेले असतात, प्राण्यांना त्रास होतो, शास्त्र कमी आणि नाटक जास्त, असं बोललं गेलं. त्यात तथ्यही होतं. पण ज्यांनी समुद्र कधी बघितलाच नव्हता, त्यांना त्याची काळजी वाटायला लावणं हे काम त्याच नाटकाने केलं.

शेवट गोड नव्हता

२८ जून १९७९ ला धाकटा मुलगा फिलिप पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ समुद्री विमानाच्या अपघातात गेला. वय ३८. बापाचा वारसा तोच चालवणार होता. ज्या बापाला वैमानिक होता आलं नाही, त्याचा हा मुलगा वैमानिक झाला होता.

१९९० मध्ये सिमोन गेली. पुढच्याच वर्षी कुस्तोने फ्रान्सीनशी लग्न केलं आणि तिच्यापासून त्याला आधीच दोन मुलं असल्याचं जगाला कळलं. मोठा मुलगा जाँ-मिशेलशी संबंध बिघडले. जाँ-मिशेलने फिजी बेटांवर एका डायव्हिंग रिसॉर्टला कुस्तो हे नाव दिलं, तर बापाने पोरावर केस टाकली. शेवटी मुलाने स्वतःचं पूर्ण नाव लावायचं, असा मार्ग निघाला.

मित्रांसोबत केलेल्या मजेपासून जे सुरू झालं होतं, ते आता ब्रँड झालं होतं आणि त्या ब्रँडसाठी बापलेक कोर्टात होते.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. ती वर काढली, पण परत मोहिमेवर गेली नाही. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी जॅक कुस्तो गेला. सिमोनची रक्षा समुद्रात सोडली होती. कुस्तोला मात्र जन्मगावी, जमिनीतच पुरलं.

आज नवख्या माणसाला पाण्यात उतरवण्याआधी इन्स्ट्रक्टर सूचना देतो. श्वास रोखू नका, हळूहळू वर या, कशालाही हात लावू नका. पहिल्या दोन सूचना पाळल्या तर आपला जीव वाचतो. तिसरी सूचना समुद्राच्या जिवासाठी आहे. पहिल्याच डुबकीत शेवंडी उचलून आणणाऱ्या कुस्तोला ती कळायला कित्येक वर्षं लागली. आपल्याला ती होडीवरच, पाण्यात उतरायच्या आधी, फुकटात मिळते.